घरातल्या माणसाचा मानसिक आजार मुलांना कसा सांगावा

"मुलांना अजून काही माहीत नाही," असं पालक सांगतात तेव्हा मी आधी घर केवढं आहे ते विचारते. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वागळे इस्टेट. उत्तर बहुतेक वेळा वन रूम किचन, फार तर वन बीएचके. रात्री मुलं झोपली की आई गॅलरीत जाऊन मामाशी दबक्या आवाजात फोनवर बोलते, आणि गॅलरीच्या खिडकीखालीच मुलांच्या गाद्या असतात. ऐकू सगळं येतं. अर्थ लागत नाही, म्हणून मुलं तो आपल्या मनाने लावतात आणि तो खऱ्या आजारापेक्षा बहुधा जास्त भीतिदायक निघतो. आईबाबा आता वेगळे होणार. बाबांना कोणीतरी घेऊन जाणार. मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून हे सुरू झालं.

त्यामुळे सांगावं की नाही, यावर इथे वेळ घालवत नाही. कोणी सांगायचं, कुठे, कोणत्या शब्दांत आणि सांगून झाल्यावर पुढे काय, एवढंच बघू. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, म्हणून बरंचसं मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. खाली जे घर उदाहरणाला घेतलंय ते मात्र कोणाचंच नाही, समजावण्यापुरतं रचलेलं आहे.

कळव्यातलं घर. बाबा कंपनीत शिफ्टला जातात आणि त्यांना बायपोलर, म्हणजे उन्माद-नैराश्याचा आजार आहे. काही आठवडे झोप नसते, बोलणं थांबत नाही, उधारीवर मोठी खरेदी होते, कोणी अडवलं की आरडाओरडा. मग सगळं उलट. महिनाभर पलंगावरून उठवत नाही, अंघोळसुद्धा नको. घरात आई, आजी, तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. तुमच्याकडे आजार वेगळा असेल. आईला मंत्रचळ असेल आणि ती तासतासभर हात धूत असेल, किंवा काकाला स्किझोफ्रेनिया असेल आणि त्याला आवाज ऐकू येत असतील. शब्द बदलतील, क्रम तोच राहील.

आधी मोठ्यांचं एकमत

सुरुवात आजारी माणसापासून करा. आजार त्याचा आहे आणि तो मुलांना सांगताना त्याला विचारणं हे साधं सौजन्य आहे. तब्येत बरी असताना, शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: आजाराचं नाव सांगितलं तर चालेल का, तू सांगतोस की मी सांगू, आणि कुठली गोष्ट मुलांना सांगायला नको? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी अगदी छोटं असतं. 'मी रडलो ते सांगू नकोस', एवढंच. ते पाळा. बाबा स्वतः बोलायला तयार असतील तर सगळ्यात उत्तम. आईने शेजारी बसायचं आणि ते अडखळले तरच पुढचं वाक्य उचलायचं.

काही वेळा माणूस आपण आजारी आहोत हेच मानत नाही. उन्मादात आणि स्किझोफ्रेनियात हे नेहमीचं आहे, तो मुद्दाम खोटं बोलत नसतो. अशा वेळी निदानावरून घरात वाद घालू नका. मुलांशी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोला: "बाबा चार रात्री झोपले नाहीत आणि खूप ओरडले. ते तू पाहिलंस. तुला कसं वाटलं?" नावाचं नंतर बघता येईल.

मग आजी. आजीच्या मते नजर लागली आहे किंवा बाहेरचं काही आहे. तिच्याशी भांडून उपयोग नाही आणि गरजही नाही. आईने एवढंच म्हणावं: "आई, तुम्ही देवाला नारळ ठेवा, अंगारा लावा, माझी ना नाही. पण पोरांना बाहेरचं म्हणून सांगू नका, धाकटा रात्री एकटा बाथरूमला जात नाही. त्याला आपण सगळे एकच सांगू, बाबांना आजार आहे आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत." बहुतेक आज्या ऐकतात, कारण नातवाची भीती त्यांनाही दिसत असते. जे मांत्रिकाकडे न्यायचा आग्रह धरतात, गोळ्या बंद करा म्हणतात, त्या नातेवाइकांना या बोलण्यात घेऊ नका. मुलांना दोन गोष्टी ऐकू आल्या की मुलं त्यातली भयंकर ती धरतात.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही हवी. नॉर्वेत २०१० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांवर कायद्याने जबाबदारी आहे की रुग्णाला लहान मुलं असतील तर त्यांच्या माहितीची आणि मदतीची गरज लक्षात घ्यावी. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत हा विषय आपोआप निघेल अशी वाट बघू नका. फॉलो-अपला गेलात की तुम्हीच सांगा, "घरी सात आणि तेरा वर्षांची मुलं आहेत, त्यांना काय सांगू?" आजाराचं नाव, गोळ्यांनी काय होणार, काय होणार नाही आणि पुन्हा बिघडण्याआधी काय दिसेल, एवढं कागदावर लिहून आणा. आई-वडिलांना स्वतःला नीट माहीत नसेल तर मुलांच्या दुसऱ्याच प्रश्नाला आवाज चढतो.

वेळ आणि जागा

समोरासमोर बसवून "मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" असं म्हटलं की मूल घाबरतंच. हाताला काम असताना बोला. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, उपवन तलावाच्या काठाने चालताना. नवी मुंबईत असाल तर पाम बीच रस्त्याला संध्याकाळी फेरी मारता येते. स्कूटरवर मागे बसलेलं मूल जे बोलतं ते समोर कधीच बोलत नाही, पण रहदारीत हे बोलणं नको. गाडी बाजूला लावा. रात्री झोपायच्या आधी नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, आणि भांडण होऊन गेल्यागेल्या तर मुळीच नको.

दोन मुलं असतील तर वेगवेगळं बोला. एकत्र सांगितलं की मोठी मुलगी धाकट्याकडे बघून आपले प्रश्न गिळते. मात्र दोघांमध्ये फार दिवसांचं अंतर नको. ते आपापसात बोलणारच, आणि ताईला माहीत आहे पण मला सांगितलं नाही हे धाकट्याला लागतं.

पहिलं बोलणं दहा मिनिटांचं असावं. सगळं एका दमात सांगून मोकळं होण्याची घाई मोठ्यांना असते. मुलं थोडं ऐकतात, खेळायला जातात आणि चार दिवसांनी अंघोळ करताना मधूनच प्रश्न टाकतात. तो प्रश्न येणं म्हणजे पहिलं बोलणं जमलं.

सात वर्षांच्या मुलाला

सांगण्याआधी विचारा. "बाबा हल्ली कसे वाटतात तुला? काय काय पाहिलंस?" त्याला काय ठाऊक आहे आणि त्याने काय कल्पना केली आहे, हे कळल्याशिवाय कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. मग साधारण असं:

"बाबांना एक आजार आहे. त्याचं नाव बायपोलर. तो मेंदूत होतो. कधी बाबांचं मन इतकं जोरात धावतं की त्यांना झोप येत नाही, ते खूप बोलतात, खूप चिडतात. कधी मन इतकं थकतं की उठताच येत नाही, तुझ्याशी खेळावंसं वाटत नाही. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. तू शहाण्यासारखं वागलास म्हणून ते बरंही होणार नाही. बरं करायचं काम डॉक्टरांचं, गोळ्यांचं आणि बाबांचं आहे. तुझं काम शाळेत जायचं, खेळायचं, आणि भीती वाटली की मला सांगायचं. दोन्ही वेळा बाबांना तू आवडतोसच. आजार जोरात असतो तेव्हा त्यांना ते दाखवता येत नाही."

या बोलण्यातलं 'शहाण्यासारखं वागलास म्हणून बरं होणार नाही' हे वाक्य पालक नेहमी गाळतात. ते गाळू नका. तुझी चूक नाही, हे ऐकून मूल मान डोलावतं; पण मनातल्या मनात ते सौदे करत असतं. मी आठवडाभर मोबाइल मागितला नाही तर बाबा हसतील. ते हसत नाहीत आणि मूल स्वतःला दोषी धरतं. आपल्या मनात आलं म्हणून बाहेर घडलं, असं साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलांना खरोखर वाटत असतं. एकदा रागाने 'बाबा मरू दे' असं मनात आलेलं असतं आणि दोन दिवसांनी बाबा अ‍ॅडमिट होतात. ही गोष्ट मूल स्वतःहून सांगत नाही. आपणच म्हणायचं, "काही मुलांना वाटतं की आपण रागावलो म्हणून बाबा आजारी पडले. मनात आल्याने कोणी आजारी पडत नाही." इतर मुलांचं नाव घेतलं की आपल्या मुलाला होकार देणं सोपं जातं.

'मधुमेहासारखाच आजार' हे सगळे सांगतात, मीही सांगते, पण गोळ्या रोज का घ्यायच्या एवढं समजवण्यापुरतंच. मधुमेह झालेले आजोबा मध्यरात्री उठवून धंद्याच्या योजना सांगत नाहीत आणि ताट भिरकावत नाहीत. मुलाला नेमकं तेच समजून घ्यायचं असतं: हा आजार वागण्यात का दिसतो? त्याचं उत्तर इतकंच की वागणं, झोप, राग, आनंद, विचार सगळं मेंदूच चालवतो, आणि आजार तिथेच आहे.

गोळ्यांचे परिणामही सांगून ठेवा. लिथियम (बायपोलरवरचं नेहमीचं औषध) चालू असेल तर बाबांचा हात किंचित थरथरेल, चहाचा कप धरताना दिसेल. तहान जास्त लागेल. अधूनमधून रक्त तपासायला जावं लागेल. काही गोळ्यांनी सकाळी उठवत नाही, वजन वाढतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला बहुधा दोन ते सहा आठवडे जातात. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी मूल विचारतं, "गोळी घेतली ना, मग?" आणि हात थरथरताना दिसला की आजार वाढला असं समजतं.

त्याहून लहान आणि त्याहून मोठं

तीन-चार वर्षांच्या मुलाला आजाराचं नाव लागत नाही. "आईला बरं नाही, म्हणून ती रडते. तुझ्यामुळे नाही. आज आजी जेवायला भरवेल, संध्याकाळी आत्या येईल." त्याला दिवसाचा क्रम हवा असतो. कोण उठवणार, कोण शाळेत सोडणार, रात्री शेजारी कोण झोपणार. बाळंतपणानंतर आईला नैराश्य आलं असेल आणि घरात मोठं भावंड असेल, तर 'तुझ्यामुळे नाही' हे वाक्य त्याला फार लागू पडतं, कारण त्याच्या हिशेबात सगळं बिघडलं ते बाळ आल्यापासून.

तेरा वर्षांच्या मुलीने तोवर मोबाइलवर सगळं शोधलेलं असतं. तिला 'मेंदू जोरात धावतो' सांगितलं तर ती डोळे फिरवेल. तिला विचारा, "तू काय वाचलंस?" आणि त्यातलं खरं-खोटं तिच्याबरोबर बसून वेगळं करा. ती राग काढेल. बाबांच्या उधारीचा, क्लासच्या फीचा, मैत्रिणींना घरी बोलावता येत नाही त्याचा. तो राग खरा आहे. "असं बोलू नये, ते तुझे बाबा आहेत" एवढ्या एका वाक्याने बोलणं कायमचं बंद पडतं. "हो, मलाही राग येतो. आजाराचा राग येतो आणि कधीकधी त्यांचाही," असं आई म्हणू शकते. फक्त आपलं सगळं मन तिच्यापाशी रितं करू नये. हप्ते कसे भरायचे, तुझ्या बाबांशी लग्न करून माझं काय झालं, हे बहिणीला सांगा, समुपदेशकाला सांगा. मुलीला मैत्रीण करून घेतलं की घरात आणखी एक मोठं माणूस तयार होतं आणि एक मूल कमी होतं.

जे प्रश्न येतातच

"बाबा बरे होणार ना?" छातीठोकपणे हो म्हणू नका, कारण बायपोलर पुन्हा डोकं वर काढू शकतो आणि मग तुमचा शब्द खोटा ठरतो. "बरेचसे दिवस चांगले जातील. कधी परत बिघडेल. बिघडलं तर काय करायचं ते आता आपल्याला माहीत आहे."

"मलाही होईल का?" हा प्रश्न मोठी मुलं विचारत नाहीत, मनात ठेवतात. तुम्हीच काढा. खरं उत्तर असं की घरात असला तर धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरीही बहुतेक मुलांना तो होत नाही. स्किझोफ्रेनियाचं उदाहरण घ्या. एरवी शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात साधारण दहांना. म्हणजे नव्वदांना होत नाही. बायपोलरमध्येही एका पालकाला असेल तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. मोठ्या मुलीला पुढचंही सांगा, की दारू-गांजापासून लांब राहणं आणि झोप नीट घेणं तिच्या हातात आहे, आणि कधी तसं काही वाटलंच तर लवकर सांगितल्याने खूप फरक पडतो.

"बाबा वेडे आहेत का?" हा शब्द बाहेरून आलेला असतो. आधी विचारा, कोण म्हणालं? मग, "लोक चिडवायला तो शब्द वापरतात. डॉक्टर वापरत नाहीत. बाबांच्या आजाराला नाव आहे."

"बाबा मरणार होते का?" सगळ्यात अवघड हाच. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर पडले, लागलं, चुकून औषध जास्त झालं, अशा कथा रचू नका. सोसायटीतल्या कोणाकडून तरी खरं कळेल आणि तेव्हा तुम्ही शेजारी नसाल. कसं केलं याचे तपशील मात्र कोणत्याच वयाच्या मुलाला देऊ नका. "आजार खूप वाढला होता, तेव्हा बाबांच्या मनात स्वतःला इजा करायचे विचार आले. तो आजाराचा भाग आहे. आता डॉक्टर त्यांच्याजवळ आहेत. तुझ्या मनात कधी असे विचार आले तर मला लगेच सांग, मी रागावणार नाही." मोठ्या मुलीने पोलीस केसचं ऐकलं असेल. तिला सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला चालत नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "डॉक्टरांना विचारून सांगते" म्हणा, आणि खरंच विचारून सांगा.

अ‍ॅडमिट करावं लागलं तर

ठाण्यातल्या मुलांची इथे एक खास अडचण आहे. 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अख्ख्या मुंबईत आणि कोकणात चालतो, आणि ठाण्यातली मुलं तर ते मनोरुग्णालय कुठे आहे ते बसमधून एकमेकांना बोट करून दाखवतात. १९०१ मध्ये सुरू झालेलं हे प्रादेशिक मनोरुग्णालय; त्याच्या काही जागेवर नवं रेल्वे स्टेशन होणार म्हणून त्याचं नाव हल्ली बातम्यांतही सारखं येतं. बाबा तिथे असोत किंवा खासगी नर्सिंग होममध्ये, मुलाच्या डोळ्यांसमोर गज, साखळ्या आणि सिनेमातले शॉक येतात.

म्हणून 'बाबा गावाला गेलेत' सांगू नका. गावाहून फोन येत नाही, बाबांचे कपडे कपाटात तसेच, चपलाही दारात. मूल हे सगळं बघतं. सांगा, "बाबांना झोप लागावी, औषध नीट बसावं म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. तिथे नर्स आहेत, जेवण मिळतं, डॉक्टर बघतात." किती दिवस, ते नक्की माहीत नसेल तर तारीख देऊ नका. "दर रविवारी मी जाऊन येणार आणि तुला येऊन सांगणार," असं पाळता येण्याजोगं काहीतरी द्या.

"तिथे बांधून ठेवतात का?" साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तेव्हाच, डॉक्टरांच्या परवानगीने, थोड्या वेळापुरती हालचाल रोखता येते. भूल दिल्याशिवाय शॉकचे उपचार द्यायलाही त्याच कायद्याने मनाई आहे. सात वर्षांच्या मुलाला यातलं "साखळीने बांधत नाहीत, तसा नियम आहे" इतकं पुरे. मोठीला पूर्ण सांगा.

रुग्णाला भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा, फोनवर बोलण्याचा हक्कही हा कायदा देतो. त्यामुळे मुलांना भेटवायचं असेल तर वॉर्डात विचारा. लहान मुलांना आत सोडत नसले तर बाहेरच्या बाकावर किंवा फोनवर जमतं का ते पाहा. न्यायच्या आधी बाबा कसे दिसतील ते सांगा. झोपाळलेले, दाढी वाढलेली, बोलायला हळू. भेट वीस मिनिटांची ठेवा आणि मुलाला यायचं नसेल तर जबरदस्ती नको. चित्र किंवा चिठ्ठी पाठवली तरी चालते. आई अ‍ॅडमिट असेल आणि बाळ तीन वर्षांच्या आतलं असेल तर एरवी त्याला आईपासून वेगळं करू नये, असं कलम कायद्यात आहे. हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

शाळा, सोसायटी, नातेवाईक

'बाहेर कोणाला सांगायचं नाही' असं बजावलं की मुलाला कळतं की ही शरमेची गोष्ट आहे. त्याऐवजी त्याला एक तयार वाक्य द्या आणि घरात दोन-तीनदा म्हणून घ्या: "माझ्या बाबांना बरं नाहीये, औषध चालू आहे." पुढे कोणी खोदून विचारलं तर, "आईला विचारा." लिफ्टमध्ये शेजारच्या काकू विचारतातच, तेव्हा हे दुसरं वाक्य फार कामाला येतं. ज्याला मनापासून सगळं सांगता येईल असं एक मोठं माणूस मात्र मुलाने स्वतः निवडावं. मावशी, क्लासच्या ताई, मित्राची आई, कोणीही. त्या माणसाला तुम्ही फोन करून सांगून ठेवा.

वर्गशिक्षिकेला निदान सांगायची गरज नाही. 'घरात गंभीर आजारपण आहे, काही दिवस गृहपाठ राहील, वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका' एवढं एका चिठ्ठीत लिहून द्या. शाळेत समुपदेशक असेल तर तिला थोडं जास्त सांगा आणि कोणाकोणाला कळणार आहे ते आधीच विचारून घ्या.

सण आले की प्रश्न वाढतात. उन्मादाचा त्रास असलेल्या माणसाला जागरण चालत नाही, झोप मोडली की आजार उसळू शकतो. नवरात्रात सगळे रात्री टेंभीनाक्याला देवीला जाणार आणि बाबा नाही, धाकटा रुसणार. कारण सांगा, आणि बाबांबरोबर सकाळी जा. गर्दीही कमी असते.

गोळ्या मोजणं हे मुलांचं काम नाही

आजी वाचू शकत नाही, आई कामावर, म्हणून मोठी मुलगी बाबांना गोळी देते, पाकीट मोजते, ते रात्री उठले तर आपणही उठते. कोणी सांगितलेलं नसतं, तिने स्वतःच अंगावर घेतलेलं असतं. हे आधी शोधा आणि मग स्पष्ट शब्दांत काढून घ्या. गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरून आईने कुलपात ठेवावा. ही सवय सगळ्यांच्या सुरक्षेसाठीही बरी. मुलीने घरात पाणी भरावं, धाकट्याचा अभ्यास घ्यावा, ते चालतं. बाबांच्या जिवाची राखण तिच्याकडे नको.

त्याच वेळी, घरात बिघडलं तर मुलांनी काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. कागदावर लिहून फ्रीजवर लावा. बाबा ओरडायला लागले, सामान फेकायला लागले, तर मध्ये पडायचं नाही, समजूत घालायची नाही. धाकट्याला घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे जायचं (त्या आजींना आधी विचारून ठेवा), आईला फोन करायचा. आई लागली नाही तर काका. इजा होण्याची भीती असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. एकदा नुसतं चालून बघा: दार, जिना, आजींची बेल. धाकट्याला फोनमधली नावं वाचता येत नसतील तर नंबर पाठ करून घ्या.

मारहाण होत असेल तर तो आजार आहे म्हणून सहन करायचं, असं मुलांना कधीही शिकवू नका. आजारी माणसावर प्रेम आणि त्याच्यापासून लांब राहणं, दोन्ही एकाच दिवशी करता येतं. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे, आणि तो त्यांना स्वतःलाही माहीत असावा.

मुलालाच मदत लागते तेव्हा

सांगितल्यानंतर आठ-पंधरा दिवस झोप बिघडणं, चिकटून राहणं, चिडचिड चालायचीच. पण सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं आणि महिनाभर राहिलं, शाळेत जायचं म्हटलं की रोज पोटात दुखतं, जेवण तुटलं, मैत्रिणी सुटल्या, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, 'मी नसते तर बरं' असं काही बोललं गेलं, तर वाट बघू नका. शेवटच्या दोन गोष्टींत तर त्याच दिवशी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. रुग्णाच्या कुटुंबालाही तिथे मदत मागता येते. मनोरुग्णालयाच्या ओपीडीत अ‍ॅडमिट न होता नुसतं दाखवताही येतं. तिथे जायला लोक लाजतात, पण खासगी फी परवडत नाही म्हणून उपचार अर्धवट सुटण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि खूप काळजी करणारं, अतिशय शहाणं, कधीच त्रास न देणारं मूल असेल तर त्याच्याकडे आधी बघा. शाळेत अशा मुलांची तक्रार कोणी आणत नाही, म्हणून ती आमच्यापर्यंत उशिरा पोचतात.

बाबा घरी आल्यावर

अ‍ॅडमिट राहून माणूस घरी येतो तेव्हा सगळे असं वागतात की काही झालंच नाही. गोडधोड होतं, टीव्ही लागतो. मुलं मात्र दारामागून अंदाज घेत असतात. यानंतरचं बोलणं शक्यतो बाबांनीच करावं, दोन-तीन वाक्यांत, तब्येत स्थिर झाल्यावर: "त्या रात्री मी तुझ्यावर ओरडलो, तुझी सायकल विकून टाकली. तेव्हा माझा आजार वाढला होता. तरीही तुला वाईट वाटलं, त्याबद्दल मी माफी मागतो. परत मला झोप येईनाशी झाली तर आई डॉक्टरांना फोन करेल, तसं आम्ही ठरवलंय." मुलाने लगेच मिठी मारावी अशी अपेक्षा ठेवू नये. तो "बरं" म्हणून खेळायला जाईल. पुढच्या फॉलो-अपची तारीख घरातल्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहा, आणि त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळी जेवताना मुलांना दोन वाक्यांत सांगा.